चित्रपटांतील वस्तूंचे लिलाव आणि अस्सलपणाच्या शंका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रपटात वापरलेल्या वस्तूंना, म्हणजे ज्यांना या व्यवसायात सर्रास ‘प्रॉप’ म्हणतात त्यांना, गेल्या काही वर्षांत जुन्या चित्रांच्या तोडीचे भाव मिळू लागले आहेत. भाव वाढले तशा शंकाही वाढल्या. ऑनलाइन बोली लावता येऊ लागल्यापासून पुण्या-मुंबईचे आणि परदेशी स्थायिक झालेले मराठी संग्राहकही या बाजारात उतरले आहेत. त्यांच्याकडून आणि एरवी कुतूहल म्हणून विचारणाऱ्यांकडून वारंवार येणारे प्रश्न येथे घेतले आहेत. उदाहरणे मुख्यतः हॉलिवूडची आहेत, कारण हा बाजार तेथेच उभा राहिला.

‘अस्सल’ म्हणजे नेमके काय?

बहुतेक वाद या एका शब्दाच्या ढिलेपणातून सुरू होतात. प्रेक्षकांनी पडद्यावर पाहिलेली वस्तू, त्याच चित्रपटासाठी बनवलेली पण कॅमेऱ्यासमोर कधीच न आलेली जादा वस्तू, प्रसिद्धीच्या छायाचित्रांसाठी वेगळी केलेली वस्तू, चित्रीकरण संपल्यावर त्याच साच्यातून काढलेली वस्तू, कंपनीने परवाना देऊन विकलेली प्रतिकृती आणि एखाद्या हौशी चाहत्याने घरी घडवलेली नक्कल या सगळ्या वस्तू शेजारी शेजारी ठेवल्या, तर जाणकारालाही पहिल्या नजरेत फरक सांगता येईलच असे नाही. यांतल्या पहिल्या तीन प्रकारांना विक्रेते थोड्याफार फरकाने ‘मूळ’ म्हणतात आणि त्यात खोटे काही नसते. मात्र पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारांच्या किमतींत काही पटींचे अंतर पडू शकते. म्हणून ‘ही वस्तू अस्सल आहे का?’ असे विचारण्याऐवजी ‘या वस्तूविषयी तुमचा दावा नेमका कोणता आहे?’ असे विचारावे. लिलावाच्या सूचिपत्रात (कॅटलॉगमध्ये) ‘पडद्यावर वापरलेली’, ‘चित्रपटासाठी बनवलेली’ आणि ‘त्या धर्तीची’ हे शब्द मोजूनमापून लिहिलेले असतात, आणि वाचणारा मात्र ते घाईत वाचतो.

एकाच वस्तूचे चार-चार ‘मूळ’ नमुने कसे असू शकतात? ही फसवणूक नव्हे का?

नाही. एका दृश्यासाठी जवळून दाखवायचा देखणा नमुना, मारामारीसाठी रबरी नमुना, लांबून दिसण्यापुरता हलका नमुना आणि मोडलाच तर हाताशी असावा म्हणून आणखी एक, अशी तयारी कोणतेही निर्मितीगृह करते. १९३९च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’मधील नायिका डोरोथीच्या लाल चमकदार बुटांचे चार जोड आज ज्ञात आहेत. त्यांतला एक १९७९पासून वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. दुसरा जोड २००५च्या ऑगस्टमध्ये मिनेसोटातील एका छोट्या संग्रहालयातून चोरीला गेला आणि २०१८मध्ये एफबीआयच्या हाती लागला. ओळख पटवण्यासाठी तो स्मिथसोनियनकडे नेला, तेव्हा एक वेगळीच गोष्ट समोर आली. संग्रहालयातील डावा-उजवा बूट एकमेकांचे जोडीदार नव्हतेच. त्यांचे खरे जोडीदार चोरीच्या जोडात होते. कधीतरी दोन जोडांची अदलाबदल झाली होती. नकली माल बनवणाऱ्याला असला घोळ सुचला नसता. तो जोडी नीट जुळवूनच देईल.

‘सिटिझन केन’मधील ‘रोझबड’ या घसरगाडीचेही तसेच. चित्रपटात ती जळताना दिसते, म्हणून एकही उरलेली नसणार असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात अनेक गाड्या बनवल्या होत्या. बाल्सा या हलक्या लाकडाची एक गाडी स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी १९८२मध्ये ६०,५०० डॉलरना घेतली, आणि दिग्दर्शक जो दान्ते यांच्याकडे अनेक वर्षे असलेली दुसरी २०२५च्या जुलैमध्ये १ कोटी ४७ लाख ५० हजार डॉलरना गेली.

शंका घ्यायची ती ‘एकमेव’ या शब्दावर.

सोबत अस्सलपणाचे प्रमाणपत्र आहे. तेवढे पुरेसे नाही का?

अजिबात नाही. प्रमाणपत्र हा एक कागद असतो आणि त्याची किंमत ते देणाऱ्याच्या माहितीइतकीच असते. विक्रेत्याने स्वतःच स्वतःच्या मालाला दिलेले प्रमाणपत्र म्हणजे दुसऱ्या शब्दांत केलेली जाहिरात होय. जमीन घेताना आपण ‘जमीन माझीच आहे’ हे विकणाऱ्याचे पत्र घेऊन गप्प बसत नाही. सातबारा काढतो, फेरफार पाहतो आणि कोणाकडून कोणाकडे, केव्हा, कशाने आली हे मागे मागे तपासत जातो. प्रॉपच्या बाबतीतही तीच फेरफारांची साखळी हवी : स्टुडिओच्या गोदामातून वस्तू कोणी बाहेर नेली, का नेली, त्याला ती कशी मिळाली, पुढे ती कोणाला दिली. साखळीत वीस वर्षांची भगदाडे असतील तर प्रमाणपत्राच्या सोनेरी शिक्क्याने ती बुजत नाहीत.

अडचण अशी की जुन्या काळी ही साखळी कोणी लिहूनच ठेवली नाही. स्टुडिओंच्या दृष्टीने प्रॉप म्हणजे पुन्हा वापरायचे सामान, नाहीतर अडगळ. हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओने आपले दशकानुदशकांचे कपडे आणि सामान एका लिलावदाराला विकून टाकले, आणि १९७०च्या मे महिन्यात त्याचा लिलाव झाला. त्याच लिलावात लाल बुटांचा एक जोड १५,००० डॉलरना गेला आणि अभिनेत्री डेबी रेनॉल्ड्स यांनी आपल्या प्रसिद्ध संग्रहासाठी भरपूर खरेदी केली. त्या लिलावाची पावती आज एखाद्या वस्तूसोबत निघाली तर ती सोन्यासारखी. पण त्या धामधुमीत कर्मचाऱ्यांच्या हातून बाहेर पडलेल्या वस्तूही आहेत. त्या खऱ्याच आहेत, परंतु त्यांच्याकडे कागद नाही. कागद नसणे म्हणजे खोटेपणा नव्हे. तसेच कागद असणे म्हणजे खरेपणाही नव्हे, आणि या दोन वाक्यांच्या मधल्या जागेतच हा सगळा व्यवसाय चालतो.

पडद्याशी ताडून पाहण्याची पद्धत कितपत विश्वसनीय आहे?

आज हाती असलेल्या साधनांत आम्ही हिलाच सर्वांत वरचे स्थान देऊ, पण एका अटीवर. चित्रपटाच्या स्वच्छ प्रतीतून एकेक चौकट (फ्रेम) काढून वस्तूवरील खुणांशी ताडली जाते. मात्र यात जुळायला हवे ते चुकून झालेले. आकार, रंग, नक्षी या ठरवून केलेल्या गोष्टी आहेत आणि त्या सगळ्या नमुन्यांत सारख्याच असणार; प्रतिकृती करणाराही त्यांचीच नक्कल करतो. लाकडाच्या रेषा, रंगाचा ओघळ, कडेला उडालेला टवका, उलटा शिवलेला टाका आणि हातमोज्यावरची सुरकुती मात्र एकाच नमुन्यावर असतात. म्हणून लाकूड, चामडे आणि हाताने रंगवलेल्या वस्तू पडद्याशी चांगल्या जुळतात, तर साच्यातून काढलेले गुळगुळीत प्लास्टिक फारसे काही सांगत नाही.

दोन सावधगिऱ्या. पहिली अशी की नक्कल करणाऱ्याकडेही तीच स्वच्छ प्रत असते. एखाद-दुसरा ओरखडा तो मुद्दाम पाडू शकतो. त्यामुळे एक खूण जुळली याला फारसा अर्थ नाही, आणि पडद्यावर न दिसणारी मागची-आतली बाजू तितक्याच बारकाईने पाहावी. दुसरी अशी की चित्रीकरणानंतर वस्तूची डागडुजी होते, तिला नव्याने रंग लागतो किंवा ती दुसऱ्या चित्रपटात वापरली जाते, आणि मग अस्सल वस्तूही जुळेनाशी होते. न जुळणे म्हणजे नकली असणे, असा निष्कर्ष घाईने काढू नये.

प्रयोगशाळेतील तपासणीने प्रश्न कायमचा सुटत नाही का?

प्रयोगशाळा ‘नाही’ ठामपणे सांगू शकते. ‘होय’ म्हणणे तिच्या आवाक्यात क्वचितच असते. अतिनील प्रकाशाखाली कापड किंवा दोरा निळसर पांढरा चमकला, तर त्यात १९५०च्या सुमारास सर्रास वापरात आलेले शुभ्रतादायक रसायन असण्याची शक्यता असते. १९३९चा म्हणून विकल्या जाणाऱ्या पोशाखाचा दोरा असा चमकला की प्रश्न उभा राहतो. पण तो पोशाख पुढे केव्हातरी आधुनिक साबणाने धुतला असेल, तरीही तो चमकेल. तेव्हा शिवणीच्या आत, जेथे साबण कमी पोहोचतो, तेथे पाहावे लागते.

रोझबडच्या त्या दुसऱ्या गाडीची कार्बन कालमापन चाचणीही झाली होती. या चाचणीला किती महत्त्व द्यावे? १९५०च्या दशकापासून झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतील किरणोत्सारी कार्बन वाढला, आणि त्यानंतर वाढलेल्या झाडाच्या लाकडात तो सापडतो. त्यामुळे लाकूड अलीकडचे असेल तर ही चाचणी ते पकडते. परंतु ती मोजते ते झाड वाढल्याचे वय, गाडी बनवल्याचे नव्हे. जुन्या फळीतून आज गाडी बनवली तरी निकाल जुनाच येईल. म्हणून त्या गाडीच्या बाबतीत चाचणीइतकेच वजन तिच्या कहाणीला आहे : पूर्वी ‘सिटिझन केन’ बनवणाऱ्या आरकेओ स्टुडिओच्या मालकीच्या असलेल्या आणि नंतर पॅरामाउंट स्टुडिओकडे गेलेल्या आवारात १९८४मध्ये चित्रीकरण करताना, टाकून द्यायच्या सामानातून ती दान्ते यांच्याकडे आली. जागा, काळ आणि माणूस, तिन्ही जुळतात.

लाल बुटांच्या तपासणीत निर्णायक ठरला तो एक मणी. बुटावरील फितीच्या फुलात काही मणी लाल काचेचे नसून पारदर्शक काचेला लाल रंग देऊन बसवलेले होते. चित्रीकरणाच्या वेळी मणी निखळला असणार आणि वेशभूषा विभागातल्या कोणीतरी जे हाताशी होते ते रंगवून लावले असणार. हाच जुगाड संग्रहालयाच्या आणि चोरीच्या, दोन्ही जोडांत सापडला.

मूळ कारागिरानेच पुन्हा बनवलेली वस्तू मूळ मानावी का?

हा प्रश्न थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, मात्र वेगळ्या वाटेने. १९७६मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या पहिल्या चित्रपटासाठी सैनिकांची पांढरी शिरस्त्राणे अँड्र्यू एन्सवर्थ यांनी घडवली होती, आणि २००४पासून ते स्वतःच तशी शिरस्त्राणे बनवून विकू लागले. लुकासफिल्मने दावा लावला. शिरस्त्राण हे शिल्प नाही, त्यामुळे इंग्लंडच्या कायद्यात त्याला शिल्पाचे संरक्षण मिळत नाही, असा निकाल २०११च्या जुलैमध्ये लागला. हा वाद स्वामित्वहक्काचा होता. संग्राहकाने त्यातून ‘मूळ हाताने घडवले म्हणजे मूळच’ असा अर्थ काढू नये. २००४नंतरचे शिरस्त्राण ही उत्तम आणि मानाची प्रतिकृती आहे, पण १९७६च्या सेटवर ती नव्हती. असे शिरस्त्राण तिसऱ्या-चौथ्या हातात जाते, खोके हरवते, कडा झिजतात, आणि मग कोणीतरी प्रामाणिकपणे समजतो की हेच ते. प्रत्येक खोट्या प्रॉपमागे भामटाच असतो असे नाही.

वस्तूतील सुटे भाग त्या काळचेच आहेत. आता शंकेला जागा उरते का?

पुष्कळ उरते. ‘स्टार वॉर्स’च्या त्याच चित्रपटातील प्रकाश-तलवारीची (लाइटसेबरची) मूठ म्हणजे मुळात ग्राफ्लेक्स या जुन्या अमेरिकन वृत्तछायाचित्रकारी कॅमेऱ्याच्या फ्लॅशचा दांडा. सेट सजवणारे रॉजर ख्रिश्चन यांना तो लंडनमधील छायाचित्रणाच्या सामानाच्या दुकानात सापडला, आणि त्यांनी त्याला चार गोष्टी चिकटवून तलवार केली. तसाच अस्सल जुना दांडा मिळवून, तशाच चार गोष्टी चिकटवून आजही तलवार करता येते आणि तिचा प्रत्येक भाग चाचणीत खरा उतरेल. २०१८च्या डिसेंबरमध्ये ल्यूक स्कायवॉकर या नायकाची म्हणून कॅलिफोर्नियातील एका लिलावात ठेवलेली मूठ तिच्या मूळस्थानाविषयी परस्परविरोधी माहिती पुढे आल्यावर मागे घेण्यात आली. बोली लागण्याआधी वस्तू मागे घेणे ही लिलावगृहाची नाचक्की समजली जाते, पण आमच्या मते उलट आहे. जे लिलावगृह कधीच काही मागे घेत नाही, त्याची अधिक काळजी वाटावी.

कलाकाराने स्वतः सांगितले किंवा सही केली, तर?

सही ही सहीचा पुरावा आहे. कलाकार चाहत्यांच्या मेळाव्यात समोर आलेल्या प्रतिकृतीवरही सही करतो. आठवणीचेही तसेच, चाळीस वर्षांपूर्वी हातात दिलेली चौथी तलवार की सहावी, हे कोणालाच आठवत नसते. मात्र कलाकाराचा शब्द विरुद्ध बाजूने फार जड पडू शकतो. २००६मध्ये न्यूयॉर्कला ‘स्टार ट्रेक’च्या सामानाचा मोठा लिलाव झाला. डेटा या पात्राची पत्ते खेळतानाची, डोळ्यांवर सावली धरणारी झापड त्यात एकाने घेतली आणि पुढे एका मेळाव्यात त्या भूमिकेतील अभिनेते ब्रेंट स्पायनर यांच्यापुढे सहीसाठी धरली. मूळ झापड आपण स्वतःच पूर्वी विकली असल्याचे त्यांनी सांगितले, आणि प्रकरण न्यायालयात गेले. हा माल थेट स्टुडिओकडून आलेला होता, हे येथे लक्षात घ्यावे.

वस्तू निःसंशय खरी आहे, तरीही ती घेण्यात धोका असू शकतो का?

होय, मालकीचा. ‘स्टार ट्रेक’ मालिकेच्या सुरुवातीच्या काळातील एंटरप्राइज यानाची सुमारे तीन फुटी छोटी प्रतिकृती (मॉडेल) १९७०च्या दशकाच्या अखेरीस बेपत्ता झाली होती. २०२३मध्ये ती एका ऑनलाइन विक्रीत अवतरली, जाणकारांनी ओळखली आणि २०२४च्या एप्रिलमध्ये मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी यांच्या मुलाकडे परत गेली. वॉशिंग्टनच्या एका कॅथलिक विद्यापीठात २०२१मध्ये ‘ऑझ’मधील डोरोथीचा निळा-पांढरा पोशाख एका पिशवीत सापडला. आत हाताने लिहिलेले ‘ज्युडी गार्लंड’ हे ती भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीचे नाव, रुमालासाठीचा लपवलेला खिसा आणि झिरझिरीत कापड इतर ज्ञात पोशाखांशी जुळले. पण ज्या धर्मगुरू-प्राध्यापकांना तो भेट मिळाला होता, त्यांच्या पुतणीने हक्क सांगितला आणि २०२२च्या मे महिन्यातील लिलाव न्यायालयाने रोखला. चोरीची वस्तू प्रामाणिकपणे विकत घेतली तरी ती आपली होत नाही. आपल्याकडील १९३०चा वस्तुविक्री कायदाही थोड्या अपवादांसह हेच म्हणतो.

नामांकित लिलावगृहाकडून घेतले तर निश्चिंत राहावे का?

तुलनेने अधिक. परंतु लिलावगृह हे विकणाऱ्याचे प्रतिनिधी आहे आणि त्याचे उत्पन्न वस्तू विकली जाण्यावर अवलंबून आहे, हे विसरू नये. अटींचे बारीक अक्षर आधी वाचावे. बऱ्याच ठिकाणी वस्तू ‘आहे त्या स्थितीत’ विकलेली असते आणि हमी असलीच तर ती सूचिपत्रातील ठळक अक्षरांतील शीर्षकापुरती आणि ठराविक मुदतीपुरती असते. खालच्या परिच्छेदातील रसाळ कहाणी हमीत येत नाही. तसेच हातोडा पडतो तो आकडा अंतिम नसतो. २०२४च्या डिसेंबरमध्ये चोरीहून परतलेल्या लाल बुटांवर २ कोटी ८० लाख डॉलरला हातोडा पडला, आणि खरेदीदाराने द्यायचा अधिभार धरून रक्कम ३ कोटी २५ लाख डॉलर झाली.

बोली लावण्यापूर्वी किमान काय विचारावे?

वस्तू लिलावगृहाकडे देणाऱ्याला ती कशी मिळाली, हे लेखी मागावे; नाव गुप्त ठेवले तरी चालेल, मार्ग कळला पाहिजे. पडद्याशी जुळवल्याचा दावा असेल तर कोणत्या दृश्यातील कोणती चौकट आणि कोणती खूण, हे मागावे. मागची, तळाची, अस्तराची छायाचित्रे मागावीत. पोशाख असेल तर आतील पट्टी पाहावी : भाड्याने कपडे पुरवणाऱ्या कंपनीच्या पट्टीवर अनेकदा एक नाव खोडून दुसरे लिहिलेले आढळते, आणि तसे असणे शंकास्पद नसून समाधानकारक आहे, कारण कपडे तसेच फिरत असत. वस्तू पूर्वी कोणत्या लिलावात विकली गेली होती का आणि तेव्हा तिचे वर्णन काय होते, हे जुन्या सूचिपत्रात शोधावे. तेव्हा ‘त्या धर्तीची’ असलेली वस्तू आता ‘पडद्यावर वापरलेली’ झाली असेल, तर मधल्या काळात कोणता नवा पुरावा सापडला हे विचारायलाच हवे.

परदेशातील लिलावातून वस्तू भारतात आणता येते का?

येते, सीमाशुल्क भरून. निवासी भारतीयाला बाहेर रक्कम पाठवण्याची रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेतील मर्यादा एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर आहे. हत्यारासारख्या दिसणाऱ्या वस्तू आणि प्राण्यांची कातडी यांबाबत आधी चौकशी करावी. त्याच ऑझच्या चित्रपटातील भित्र्या सिंहाचा पोशाख २०१४मध्ये ३० लाख डॉलरवर गेला. तो खऱ्या सिंहाच्या कातड्याचा आहे. असे काही येथे आणण्याचे स्वप्न वन्यजीव कायद्यापाशीच थांबते.

हिंदी आणि मराठी चित्रपटांतील वस्तूंबाबत काय?

येथे शंका अधिक घ्यावी लागते, कारण आपल्याकडे सामान भाड्याने आणून परत करण्याची रीत होती. मुंबईच्या ड्रेसवाल्यांकडचा एकच अंगरखा पौराणिक चित्रपटात, नाटकात आणि शाळेच्या स्नेहसंमेलनात जाऊन येत असे. तो ‘अमुक नायकाचा’ म्हणून ओळखणे बहुधा अशक्य. जे वेगळे जपले होते, त्यातले बरेच नष्ट झाले. चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला १६ सप्टेंबर २०१७ रोजी लागलेल्या आगीत तेथे जपलेले पोशाख आणि सामान जळाले. त्यामुळे आर. के.ची म्हणून आज एखादी वस्तू पुढे आली, तर ती त्या तारखेपूर्वी बाहेर कशी आली, हा पहिला प्रश्न. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा स्टुडिओ १९४८च्या दंगलीत जाळला गेला, तेथेही हाच निकष लावावा.

खरेदीनंतर वस्तू नकली निघाली तर?

वस्तू वापरू, पुसू, दुरुस्त करू नका आणि लगेच लेखी कळवा. भारतातील व्यवहार असेल तर वर्णनावरून विकलेली वस्तू त्या वर्णनाशी जुळलीच पाहिजे, ही अट वस्तुविक्री कायद्याच्या कलम १५मध्ये गृहीत आहे, आणि स्वतःसाठी खरेदी केली असल्यास २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. नफ्यासाठी पुन्हा विकायला घेतली असेल तर ग्राहक म्हणून उभे राहणे अवघड जाते. परदेशी लिलावगृहाशी झालेल्या करारात बहुधा त्यांच्याच शहरातील न्यायालयाचे अधिकारक्षेत्र लिहिलेले असते, म्हणून लहान रकमेसाठी तेथे वकील लावणे परवडत नाही. त्यापेक्षा त्यांची हमीची मुदत उलटण्यापूर्वी स्वतंत्र तज्ज्ञाचे मत पाठवणे अधिक उपयोगी पडते.

आमचे आजोबा स्टुडिओत कामाला होते. घरात काही वस्तू आहेत. त्या खऱ्या असल्याचे कसे सिद्ध करावे?

आधी त्या स्वच्छ करू नका. धूळ, जुना डिंक, मागच्या बाजूची चिठ्ठी, खडूने लिहिलेला क्रमांक हाच तुमचा पुरावा आहे. आजोबांचे नेमणूकपत्र, पगाराची नोंद, सेटवरचे छायाचित्र, पोस्टकार्डे जे असेल ते वस्तूसोबतच ठेवा. घरातील ज्येष्ठांना जे आठवते ते त्यांच्याच शब्दांत, तारखेसह, सहीनिशी लिहून घ्या, आणि ‘बहुतेक’, ‘असे म्हणत असत’ हे शब्द गाळू नका. त्यांनी विश्वास वाढतो. प्रभात कंपनी १९२९मध्ये कोल्हापुरात निघाली आणि १९३३मध्ये पुण्याला आली. आजोबा कोणत्या गावी, कोणत्या वर्षी तेथे होते, एवढे जुळले तरी वस्तू कोणत्या चित्रपटाची असू शकते आणि कोणत्याची असूच शकत नाही, हे बरेच उलगडते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जुनी छायाचित्रे आणि पुस्तिका जतन केलेल्या आहेत; वस्तूचे सर्व बाजूंनी फोटो काढून ते सोबत न्या, मूळ वस्तू घरीच ठेवा.